डिग्रीची ओळ

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळणं सोपं होतं, कारण विचारणारं कुणी नव्हतं. शिवाय विषय असा आहे की ऐकणारा अर्ध्यातच जांभई देतो. दोन कॅल्क्युलेटर, त्यांच्या दोन वेगळ्या प्रोग्रामिंगच्या भाषा आणि त्यावरून एकमेकांच्या अंगावर जाणारे दोन मास्तर. आमच्या संस्थेतल्या जुन्या माणसांना अजून ती गंमत वाटते. लग्नाकार्यात कुणी भेटलं की म्हणतात, "काय सर, तुमची उलटी मशीन चालू हाय का अजून?" मी हसतो. त्या गमतीत एका माणसाची नोकरी गेली आणि ती का गेली हे मला माहीत आहे, हे मी तिथे सांगत नाही. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. नावं कुणाचीच घालणार नाही. माझंही नाही.

बीदरमध्ये तेव्हा एक लहानसं खाजगी तंत्रनिकेतन होतं. आता तिथे फंक्शन हॉल झाला आहे. मी तिथे सर्व्हे शिकवायचो आणि सिव्हिल विभागाचा प्रमुख होतो. त्याआधीची वीस वर्षं मी कालव्यांच्या मोजणीवर काढली होती. उन्हात तिपाईवर दुर्बीण लावायची, कोन वाचायचा, वहीत लिहायचा आणि तंबूत येऊन हिशेब करायचा. या हिशेबासाठी मी उमेदीत एक प्रोग्राम करता येणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर मिळवला होता. आडवा, जाड कळांचा. त्याला बरोबरची कळच नव्हती. दोन आणि तीन मिळवायचे तर आधी दोन, मग तीन, मग शेवटी अधिक. आकडे एकावर एक रचायचे आणि वरचे दोन उचलून क्रिया करायची. त्याची प्रोग्रामिंगची भाषा म्हणजे भाषा नव्हतीच. तुम्ही ज्या कळा दाबाल त्या तो क्रमाने लक्षात ठेवायचा. पायरी एक, पायरी दोन, पायरी सत्तेचाळीस. पडद्यावर शब्द नाहीत, नुसते कळांचे आकडे. मला ते सगळं पाठ होतं. त्या मशीनला माझ्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं आणि मला ते आवडत होतं, हे आधीच लिहून टाकतो.

दुसरा मास्तर भालकीकडच्या खटकचिंचोळी गावचा. बसवण्णांना मानणाऱ्या घरातला, घरी निम्मं मराठी, निम्मं कानडी. वय चाळीसच्या आसपास, तरी अजून गेस्ट लेक्चरर, म्हणजे दरवर्षी जूनमध्ये नाव यादीत आलं तर नोकरी, नाही आलं तर घर. पोरं त्याला अण्णा म्हणायची, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असून मीसुद्धा. माझी कानडीतली पत्रं तोच दुरुस्त करून द्यायचा, कारण माझं कानडी बोलण्यापुरतंच होतं. दुरुस्त करताना एकदाही हसला नाही.

त्याच्याकडे ग्राफिंग कॅल्क्युलेटर होता. उभा, मोठ्या पडद्याचा, आलेख काढणारा. हैदराबादला कुठल्याशा परदेशातून आलेल्या माणसाकडून त्याने तो जुना घेतला होता. त्याची भाषा सरळ वाचता यायची. 'जर' हे असेल 'तर' ते कर, इथून इथपर्यंत पुन्हा पुन्हा कर, इथे थांब, हे विचार, ते दाखव. शब्द इंग्रजी, पण पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळायचं की काय चाललं आहे. अण्णा फळ्यावर पूर्ण प्रोग्राम लिहायचा आणि पोरं वहीत उतरवून घ्यायची. माझा प्रोग्राम फळ्यावर लिहिला तर मटक्याचे आकडे लिहिल्यासारखा दिसला असता.

मी त्या भाषेला नावं ठेवायचो. "गप्पा मारायची भाषा हाय ती," म्हणायचो. "एका बेरजेला चार ओळी. माझी मशीन तेवढ्यात अख्खी वावरं मोजून होते."

अण्णा म्हणायचा, "मोजून होते सर, पर काय मोजलं ते कोण सांगणार? परवा तुमचाच प्रोग्राम तुम्ही अर्धा तास वाचायलाव हे बघितलो मी."

"माझा हाय. मला कळतो."

"तेच म्हणतोय. तुमचा प्रोग्राम वाचायला तुम्हालाच बोलवावं लागतंय. म्हणून तर आवडतो तुम्हाला."

हे तो स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर बोलला. सगळे हसले. त्या दिवसापासून मला तो माणूस नको झाला. खोटं नव्हतं ना ते. त्याचं तोंड बघितलं की ते वाक्य आठवायचं.

भांडण निव्वळ अहंकाराचं होतं असंही नाही. त्याच्या भाषेत दोष होते आणि ते मी आजही सांगेन. त्यात ए ते झेड एवढीच खाती, आणि ती सगळ्या प्रोग्रामांत सामाईक. एका प्रोग्रामने 'ए'मध्ये ठेवलेला आकडा दुसरा प्रोग्राम येऊन पुसायचा. माझ्या मशीनमध्येही खाती सामाईकच होती, पण निदान तिथे माणूस घाबरून जपून वागायचा. त्याच्याकडे सगळं इतकं सोपं दिसायचं की माणूस बेसावध व्हायचा. दुसरी गोष्ट मोडची. कोन मोजायची दोन मापं असतात. एक आपलं नेहमीचं डिग्रीचं, पूर्ण फेऱ्याला तीनशे साठ. दुसरं रेडियनचं, पूर्ण फेऱ्याला सव्वासहा. मशीन कुठल्या मापात आहे ते माझ्या पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिसायचं. अण्णाच्या मशीनवर काहीच दिसायचं नाही. वेगळी यादी उघडून बघावं लागे. मला याबद्दल बोलायला फार आवडायचं. पुढे जे झालं त्यात मी हेच वापरलं.

आणि पोरांची गंमत अशी की आम्ही दोघं ज्यासाठी भांडत होतो ते त्यांच्या काही कामाचं नव्हतं. परीक्षेत प्रोग्रामवाले कॅल्क्युलेटर चालतच नव्हते. पोरांच्या हातात साधे सायंटिफिक, दुकानात मिळणारे. त्यात ती एकेक सूत्र भरून सातदा तेच तेच दाबायची. तरी आमचं चालू होतं.

एका वर्षी विभागाला प्रयोगशाळेसाठी एकसारख्या दहा मशीन घ्यायच्या होत्या. प्रिन्सिपॉल म्हणाले, "तुम्ही दोघं रोज डोकं खायलाव. एकदा समोरासमोर करून दाखवा. जी मशीन बरी, ती घेऊ." प्रिन्सिपॉलांना सर्व्हेतलं काही कळत नव्हतं. ते मूळचे गणिताचेही नव्हते. पण त्यांनी जाता जाता माझ्याजवळ एक वाक्य टाकलं. सिव्हिलला पुढच्या वर्षी एकच गेस्ट ठेवायचा आहे, सध्याच्या दोन गेस्टांतला कुठला ते तुमच्या शेऱ्यावर ठरेल. अण्णालाही हे माहीत होतं. म्हणजे त्याच्यासाठी त्या दिवशी मशीन पणाला लागणार नव्हती. तो स्वतःच लागणार होता. त्याच्या घरी आजारी वडील होते आणि मुलगी बीदरच्या शाळेत नुकती घातली होती. हे त्याने मला सांगितलं नव्हतं. शिपायाने सांगितलं होतं.

काम ठरलं ते असं. आमच्या संस्थेच्या जागेभोवती सात खुंट्या ठोकलेल्या होत्या. एका खुंटीपासून निघायचं, प्रत्येक खुंटीवर कोन आणि अंतर घ्यायचं, आणि फिरून पहिल्या खुंटीवर परत यायचं. सगळा हिशेब बरोबर असेल तर जिथून निघालो तिथेच आकडे येऊन मिळतात. जेवढं अंतर उरेल तेवढी चूक. यालाच क्लोजिंग एरर म्हणतात. दोघांनी एकच फील्डबुक, म्हणजे मोजणीची वही, घेऊन, आपापल्या मशीनवर, आपापल्या प्रोग्रामने ती चूक काढायची. अण्णा वर आणखी एक करणार होता. सात खुंट्यांची आकृती तो पडद्यावर काढून दाखवणार होता. माझ्या मशीनला ते जन्मात जमलं नसतं. त्याचा सगळा जीव त्या आकृतीत होता.

आदल्या दिवशी दुपारी मी त्याला प्रोग्राम कागदावर लिहून तपासायला द्यायला सांगितलं. विभागप्रमुख म्हणून. माझा प्रोग्राम कुणी तपासणार नव्हतं, कारण वाचता कुणाला येत होता?

इथे आमच्या कामाची एक रीत सांगितली पाहिजे. फील्डबुकात खोडरबर चालत नाही. पोराच्या हातात रबर दिसला की मी तो खिडकीबाहेर फेकायचो. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला बारीक सही. म्हणजे काटलं कुणी ते कायम राहतं. वीस वर्षं कालव्यावर मी याच रीतीने लाल पेन चालवला आणि संस्थेतही तेच केलं.

अण्णाने दोन कागदांवर प्रोग्राम लिहून आणला. सुंदर अक्षर. मी ओळ ओळ तपासली. चूक सापडेना. मी पुन्हा तपासली. लाल पेन तसाच परत खिशात घालायची मला सवय नव्हती. शेवटी मी पहिल्याच ओळीवर रेघ मारली. त्या ओळीत एकच शब्द होता. डिग्री. म्हणजे प्रोग्राम सुरू झाला की मशीनने आधी डिग्रीच्या मापात जायचं, मग पुढचं काम. मी बाजूला सही केली आणि म्हणालो, "हे प्रोग्रामचं काम न्हाई. मोड माणसानं हातानं लावायचा असतो. उगं ओळी वाढवायच्या कामून?"

अण्णा म्हणाला, "असू द्या की सर. कुणी मोड बदलला तर?"

"कोण बदलणार? मशीन तुमचीच हाय ना?"

"व्हय, माझीच."

"मग?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्यासमोर मशीन काढली आणि ती ओळ पुसली. नंतर मोडची यादी उघडून मला दाखवली. "हे बघा, डिग्रीत हाय. बघितलाव ना?" मी मान हलवली.

माझ्या स्वतःच्या प्रोग्रामची पहिली पायरीही तीच होती. डिग्रीची कळ. ती मी ठेवली. कालव्यावर पहिल्याच वर्षी ती घालायला शिकलो होतो.

मग मीच सुचवलं की कुणाला शंका नको, दोन्ही मशीन आज रात्री विभागाच्या कपाटात ठेवू. चावी माझ्याकडे. अण्णा लगेच तयार झाला. चारच्या बसने तो गावी गेला.

साडेपाचला विभागात कुणी नव्हतं. मी कपाट उघडलं. चोरी करायची, बिघाड करायचा असं काही मनात नव्हतं, हे कुणी मानो न मानो. ज्या मशीनसाठी पोरं त्याच्याभोवती गर्दी करायची ती हातात घेऊन बघायची होती, एवढंच. त्याच्यासमोर मागायला मी मेलो असतो. मी साइनचा आलेख काढायला सांगितला. साइन म्हणजे वर-खाली जाणारी लाट, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पडद्यावर मधोमध एक सपाट रेघ आली. मला आनंद झाला. म्हटलं, एवढा गाजावाजा आणि साधी लाट येईना. मग लक्षात आलं की मशीन डिग्रीत आहे आणि पडद्याची रुंदी वीसच एककांची. तेवढ्या अंतरात डिग्रीची लाट उठणार कुठून? मी यादी उघडली, रेडियन केलं आणि परत आलेख काढला.

लाट आली. डावीकडून उजवीकडे, ठिपक्या ठिपक्याने, हळूहळू. मी ती तीनदा काढली. वीस वर्षं या लाटेच्या आकड्यांवर माझं पोट भरलं होतं आणि मी तिला अशी उठताना कधी बघितलं नव्हतं. माझा त्या माणसावरचा राग त्या लाटेने आणखी वाढला. मग बाहेर पायांचा आवाज आला. शिपाई दारं लावत येत होता. मी घाईने मशीन बंद केली, कपाटात ठेवली, कुलूप घातलं. मोड परत डिग्रीत केला नाही. त्या घाईत आठवलं नाही. इथपर्यंत माझा गुन्हा विसरण्याचा आहे.

दुसऱ्या दिवशी दहाला प्रिन्सिपॉल, इतर विभागांचे दोन मास्तर आणि तिसऱ्या वर्षाची पोरं. आधी मी केलं. कळा दाबल्या, आकडे भरले, शेवटी चूक आली अकरा सेंटिमीटर. एवढ्या फेऱ्याला ठीक. पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण बघण्यासारखं काही नव्हतं.

मग अण्णा. त्याने एकेक ओळ वाचून दाखवत आकडे भरले. मशीन थोडा वेळ थांबली. आणि आकडा आला. चूक तीनशे मीटरच्या वर. आमची सगळी जागा त्याच्या निम्मीही लांब नव्हती. त्याने परत बघितलं. मग त्याने आकृती काढायची कळ दाबली, त्याला वाटलं असेल आकृतीत कळेल. पडद्यावर सात खुंट्यांच्या जागी कोळ्याचं जाळं आलं. रेघा एकमेकींना कापत कुठल्या कुठे गेलेल्या.

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "अण्णा, आपली जागा पार हुमनाबादला गेली की!"

सगळे हसले. प्रिन्सिपॉलही हसले. अण्णा मशीन हातात धरून उभा होता, कान लाल झालेले.

जाळं बघितल्याबरोबर मला कळलं होतं. डिग्रीचे आकडे रेडियन समजून घेतले की असंच होतं. ते मीच केलं होतं आणि सांगायला एक क्षण पुरेसा होता. "थांबा, काल मी मशीन उघडली होती." एवढं बोलायचं होतं. मी बोललो नाही. आता विसरण्याचा गुन्हा संपला होता.

अण्णालाही दोन मिनिटांनी कळलं. त्याने यादी उघडली, बघितलं आणि म्हणाला, "मोड रेडियनमध्ये हाय. हे कसं झालं?" मग माझ्याकडे वळला. "सर, ती डिग्रीची ओळ..."

त्याला वाटलं मी सांगेन की ओळ होती आणि मी काटली. कागद माझ्या फायलीत होता, माझ्या सहीसकट. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मोड बघणं प्रोग्राम लिहिणाऱ्याचं काम असतंय. भाषा गप्पांची असली की माणूस गप्पांत ऱ्हातो."

परत हसले सगळे. त्याने मोड बदलून पुन्हा करू का विचारलं. प्रिन्सिपॉल म्हणाले, "राहू द्या आता, बघितलं आम्ही." त्याने मशीन खिशात घातली. माझ्याकडे परत बघितलं नाही.

शेरा मी त्याच आठवड्यात लिहिला. कानडीत लिहायचा होता. मी स्वतः शब्दकोश घेऊन बसलो, कारण दुरुस्त करून द्यायला यावेळी तो नव्हता. 'गणनेत निष्काळजी' असा त्याचा अर्थ होतो. एकही चूक राहू दिली नाही. जूनच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. विभागाला माझ्या पसंतीच्या दहा मशीन मिळाल्या नाहीतच. त्या कंपनीने त्या बनवणं कधीच बंद केलं होतं. मग काहीच घेतलं नाही.

त्या दोन कागदांपैकी पहिला मी घरी आणला. फाडायला आणला होता. फाडला नाही. काटलेलं वाचता आलं पाहिजे आणि सही राहिली पाहिजे, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं होतं. हात चालेना.

बायकोला मी हे निवृत्तीनंतर सांगितलं. पुढे आम्ही गाणगापूरला गेलो, मी पादुकांसमोर जरा जास्तच वेळ डोकं टेकवून बसलो, तेव्हा बाहेर चपला घालताना म्हणाली, "इथं काय मागायलाव? ज्याची माफी मागायची तो तिकडं खटकचिंचोळीत बसलाय. तिकीट पण कमी पडतंय."

तीन वर्षांपूर्वी मी गेलो. जुन्या एका विद्यार्थ्याने सांगितलं होतं की अण्णा आता परवान्याचा सर्व्हेअर आहे, खताच्या दुकानाला लागून त्याची खोली आहे. भावाभावांच्या वाटण्या, शेताच्या हद्दी असली कामं. मी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला. बसमध्ये वाक्यं पाठ करत गेलो.

तो टेबलामागे बसला होता. केस पिकलेले. समोर एक शेतकरी, बहुतेक हद्दीच्या भांडणाचा. टेबलावर संगणक होता, कोपऱ्यात नव्या मोजणीच्या मशीनची पिवळी पेटी होती, आणि कागदांवर वजन म्हणून ठेवलेला तोच ग्राफिंग कॅल्क्युलेटर, मागचं झाकण चिकटपट्टीने लावलेलं.

"या सर," तो उठला नाही. "लाल पेन आणलाव का?"

शेतकऱ्याने विचारलं, "कोन हाय अण्णा हे?"

"आमचे साहेब व्हते. ह्यांचं कधी चुकत न्हाई."

शेतकरी नमस्कार करून गेला. चहाचं त्याने विचारलं नाही. मी कागद काढून टेबलावर ठेवला. "ही तुमची ओळ. मी काटली होती. तेव्हा सांगायला पाहिजे व्हतं."

त्याने कागद उचलून वाचला, अगदी खालपर्यंत. "हे मला ठाऊकच हाय की सर. ओळ मी लिहिली, तुम्ही काटली. त्याचा राग व्हता, लई व्हता. पर तुम्ही सही करून काटली. उघड." मग कागद खाली ठेवून तो म्हणाला, "मला कळंना ते मोडचं. आदल्या दिवशी तुमच्यासमोर डिग्री करून दाखवलो. कपाटात मशीन. चावी तुमच्याकडं. दुसऱ्या कुणावर संशय घ्यायला जागा न्हाई. तुम्ही बोलणारे माणूस, तोंडावर वाईट बोलणारे, पर मागून काही कराल असं काही वाटलं न्हाई. मग राहिलं कोण? मीच. माझ्याच हातून काहीतरी झालं असणार. तवापासून माझा माझ्यावर भरोसा न्हाई, सर. एक वावर तीनदा मोजतो. बायको म्हणती, तुम्हाला येड लागलंय. लोक दुसऱ्या सर्व्हेअरकडं जायलेत, तो एकदाच मोजून मोकळा होतो."

तो रागाने बोलत होता, पण रोख माझ्याकडे नव्हता, स्वतःकडे होता. पाठ केलेली सगळी वाक्यं कागदाच्या ओळीबद्दल होती. त्याला हवं असलेलं एकच वाक्य मी पाठ केलं नव्हतं, आणि तेच फक्त माझ्याकडे होतं. तो विचारतच होता. यापेक्षा सोपं कुणी काय करून देणार?

मी म्हणालो, "बॅटरी गेली असंल रात्री. त्या मशीनची बॅटरी गेली की ती मूळच्या मोडवर जाते. मूळचा मोड रेडियनच असतोय तिचा."

हे खरं आहे, असं होतं. मला ते नंतर पुस्तिकेत वाचून माहीत झालं होतं. कशासाठी वाचलं होतं ते आता लपवण्यात अर्थ नाही. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून.

अण्णाने वजन म्हणून ठेवलेली मशीन उचलली, उलटी केली, चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला.

"बॅटरी जाऊन मशीन मूळपदावर गेली असती," तो सावकाश म्हणाला, "तर प्रोग्रामपण पुसून गेला असता, सर. प्रोग्राम तर व्हता. सगळ्यांसमोर चालवलो की मी."

खताच्या दुकानातून गोणी आपटल्याचा आवाज आला. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला दिसलं की त्याला कळत चाललंय. एकेक पायरी. जशी लाट आली होती तशी.

"परत सांगा सर," तो म्हणाला. "बॅटरीचं काय म्हणायलाव तुम्ही?"

"माझी बस हाय," मी म्हणालो आणि उठलो.

दारापर्यंत गेलो तेव्हा त्याने हाक मारली. तो आता उभा होता. कागद पुढे केलेला. "हे ऱ्हायलं तुमचं. तुमची सही हाय याच्यावर, तुमच्यापाशीच ठेवा." आवाज वर नव्हता. मी कागद घेतला. त्याने दार लावलं, भर दुपारी, काम चालू असताना.

बस अजून पाऊण तास यायची नव्हती. मी स्टँडवर बसून राहिलो. त्याची खोली तिथून दिसत होती. दार उघडलं नाही. मीही उठलो नाही.

त्यानंतर मी दोनदा भालकीपर्यंत जाऊन परत आलो. एकदा फोन लावला, त्याने उचलला, "बोला" म्हणाला, मी ठेवून दिला. त्याच्याकडे माझा नंबर असेल तर त्याला कळलंच असेल. बायको आता विचारत नाही.

त्या कागदाची मागची बाजू कोरी होती. तिथे मी लिहून ठेवलं आहे. दोनदा काटलं, एकेक रेघ मारून, बाजूला सही करून. खाली उरलेला मजकूर असा:

अण्णा, त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मी कपाट उघडून तुमची मशीन चालवली. तुम्हाला न विचारता. रेडियन मी केलं. सगळ्यांसमोर जाळं आलं तेव्हाच मला कळलं होतं आणि मी गप्प राहिलो, आणि शेरा लिहिला. तुमच्या खोलीवर आलो तेव्हा बॅटरीचं सांगितलं तेही खोटं. तुमच्या हातून काही झालं नव्हतं. एकदाच मोजत जा. मला माफ करा.